गावाला पिण्याचं पाणी, सगळ्यांनी मिळून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्याच्या योजनेबद्दल बहुतेकांचे प्रश्न दोनच असतात: पाणी कुठून आणायचं आणि पैसे कुठून आणायचे. आणलेल्या पाण्याकडे रोज बघणार कोण, हा तिसरा प्रश्न मोटार जळल्यावर सुचतो. खालच्या उत्तरांत तो आधीच आणि जरा जास्त वेळा येईल, त्याला इलाज नाही.

गावात पाणी आणायचं ठरवलंय. पहिलं काम कोणतं?

गावाचा नकाशा काढा. हाताने काढलेला, मापात नसलेला चालेल. कोणतं घर पावसाळ्यात कुठून पाणी भरतं, उन्हाळ्यात कुठून, जायला-यायला किती वेळ जातो, रांगेत किती जातो आणि हंडा कोण उचलतं, एवढं त्यावर यायला हवं. तो पाणी भरणाऱ्यांनीच काढायचा. बैठकीतल्या चार पुरुषांनी काढलेला नकाशा आणि विहिरीवरच्या बायकांनी काढलेला नकाशा शेजारी ठेवून बघा. पहिल्यात विहिरी असतात. दुसऱ्यात कोणत्या विहिरीचं पाणी कधी आटतं, कुठे पाय घसरतो आणि कुठे कुणाला भरू देत नाहीत, हेही असतं.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त पाहणीत मोजमाप असं आहे: सुरक्षित बांधणीच्या स्रोतावरून पाणी आणायला रांगेसकट, जाऊन-येऊन ३० मिनिटांपेक्षा जास्त लागत नसतील तर ती 'मूलभूत' सोय. 'सुरक्षित व्यवस्थापन' म्हणायचं तर पाणी घरात किंवा अंगणात हवं, लागेल तेव्हा मिळायला हवं आणि त्यात मैल्याचे जंतू किंवा घातक रसायनं नकोत. या दुसऱ्या मापाने २०२२ मध्ये जगातले सुमारे २२० कोटी लोक अजून बाहेर होते. ज्या घरांच्या आवारात पाणी नाही, त्यांतल्या दर दहापैकी सात घरांत ते आणायचं काम मुख्यतः बायका-मुलींवर आहे, हेही त्याच पाहणीतलं.

निधीचा अर्ज नकाशा हातात आल्यावर. आधी केलात तर ज्या वस्तूसाठी पैसे मिळतात ती वस्तू गावात येते, गावाला हवी असो वा नसो.

आमच्या विहिरीचं पाणी नितळ आहे, चवीला गोड आहे. तरी तपासायचं?

हो. आणि हे वाक्य ज्या गावात सर्वांत जास्त ऐकू येतं तिथे सर्वांत आधी.

बांगलादेशाचं उदाहरण पुरेसं आहे. तळ्या-नद्यांचं पाणी पिऊन मुलं अतिसाराने दगावत होती, म्हणून १९७० नंतर तिथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी थंड, स्वच्छ, दारात. १९९३ मध्ये त्यात आर्सेनिक सापडलं. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षं प्यायल्यावर त्वचेवर डाग आणि चट्टे उठतात, पुढे कर्करोग होतो. मग सुमारे पन्नास लाख कूपनलिका तपासून त्यांच्या तोंडाला रंग दिला: लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे चालेल. कित्येकदा लाल आणि हिरवी कूपनलिका एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर होत्या. त्यामुळे 'शेजारच्या बोअरचं पाणी चांगलं आलंय' हा काही पुरावा नव्हे.

मग काय काय तपासून घ्यायचं?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते.

पहिली, जंतू. मैल्याशी संपर्क आला आहे का हे ई. कोलाय या जिवाणूवरून कळतं. १०० मिलिलिटर पाण्यात तो अजिबात सापडता कामा नये. हे दूषण आज नाही म्हणजे उद्या नाही असं नसतं. पहिला जोराचा पाऊस झाला की चित्र पालटतं, म्हणून ही तपासणी वारंवार लागते. प्रयोगशाळा लांब असेल तर पाणी भरून ठेवलं की काळं पडणाऱ्या साध्या बाटल्या मिळतात. काळी पडली तर धोका आहे एवढंच त्या सांगतात. काळी पडली नाही म्हणून पाणी शंभर टक्के शुद्ध, असं मात्र मानू नका.

दुसरी, विरघळलेली रसायनं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा लिटरमागे अशा आहेत: फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम, नायट्रेट ५० मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम. फ्लोराइड जास्त असलं की मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि त्याहून बरंच जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं, सांधे आखडतात. नायट्रेट बहुतेकदा शेतातल्या खतातून किंवा शौचखड्ड्यातून येतं. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका अधिक. ही तपासणी स्रोत पक्का करण्याआधी करायचीच. नंतर केलीत तर टाकी बांधून झालेली असते आणि अहवाल कपाटात जातो.

अहवाल आला की तो गावात, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लावा. वाईट असला तरी. वाईट असला तर जास्तच.

उकळलं की सगळं जातं ना?

जंतू जातात. पाण्याला खळखळून उकळी आली की पुरे, फार उंचावर राहणाऱ्यांनी तीन मिनिटं उकळावं. फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट मात्र जात नाहीत. उलट वाफ उडून पाणी आटतं आणि उरलेल्यात त्यांचं प्रमाण थोडं वाढतं.

किती पाणी लागेल, याचा हिशेब कसा करायचा?

निव्वळ तग धरण्यापुरतं, म्हणजे आपत्तीच्या काळात, माणशी रोज १५ लिटर हा किमान आकडा धरतात. आंघोळ, धुणंभांडी आणि पिणं-स्वयंपाक नीट व्हायचा तर ५० ते १०० लिटर. गावात ८०० माणसं आहेत आणि माणशी ५० लिटर द्यायचेत, तर रोज ४०,००० लिटर. त्यात गळती धरा, जनावरं धरा आणि पंधरा-वीस वर्षांनी वाढणारी घरं धरा. जनावरं बहुतेक आराखड्यांत नसतात. नळावर मात्र असतात.

आता झरा तेवढं देतो का? २० लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. ४० सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. कागदावर जमलं. पण हे माप उन्हाळ्याच्या अगदी शेवटी, पहिला पाऊस पडण्याआधी घ्यायचं असतं. पावसाळ्यानंतर घेतलेल्या मापावर आखलेली योजना पाच-सहा महिने सुखाने चालते.

आणखी एक सोपं गणित: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सगळं हाती लागत नाही, पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यावं लागतं, तरी शाळेचं मोठं छप्पर किती देऊ शकतं याचा अंदाज येतो.

झरा, विहीर, बोअर की नदी? यातलं चांगलं कोणतं?

माझा कल सरळ आहे: ज्याला सर्वांत कमी यंत्रं लागतात ते. गावाच्या वर झरा असेल तर त्याच्यासारखं दुसरं सुख नाही. पाणी उताराने येतं, वीज लागत नाही, मोटार नाही, म्हणून ती जळतही नाही. दर दहा मीटर उंचीमागे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब मिळतो. झऱ्याचं तोंड दगड-काँक्रीटच्या पेटीत बंद करायचं, वर झाकण, वरच्या अंगाला पावसाचं पाणी वळवणारा चर आणि भोवती कुंपण. मुख्य म्हणजे जादा पाणी बाहेर जायला नळी ठेवायची. ती विसरली की पाणी तुंबतं आणि झरा दुसरीकडून वाट काढतो.

उघडी विहीर बंद करून, कठडा आणि फरशी नीट घालून, त्यावर हापसा बसवला तर तीही चांगली. हंडे-दोर आत सोडणं थांबलं की निम्मं काम झालं. शौचखड्डा किमान ३० मीटर लांब हवा, आणि त्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा दीड मीटर तरी वर. खडकाला भेगा असतील तर हे अंतरही पुरत नाही.

बोअर खोल गेला की जंतू कमी होतात, पण खडकातली रसायनं वाढू शकतात. शिवाय सगळे बोअर एकाच भूजलातून ओढतात. शेतातल्या बोअरांनी उपसा वाढवला तर पिण्याचा बोअर आटणारच; पाण्याला बांध कळत नाही. म्हणून बोअरची जागा ठरवताना आसपासच्या शेतकऱ्यांशी उपशाचं बोलणं झालेलं हवं.

नदी-तळ्याचं पाणी गाळल्याशिवाय आणि निर्जंतुक केल्याशिवाय देऊ नये. इथे जुनी, संथ वाळूची गाळणी आजही उपयोगाची आहे. लंडनमध्ये जेम्स सिम्पसन यांनी १८२९ मध्ये शहराच्या पाण्यासाठी ती बांधली. वाळूच्या वरच्या थरावर सूक्ष्मजीवांची एक साय धरते आणि तीच जंतू अडवते. साय धरायला काही दिवस-आठवडे लागतात. पाणी फार हळू झिरपायला लागलं की वरची दोन सेंटिमीटर वाळू खरवडायची. वीज नाही, रसायन नाही. जागा मात्र बरीच लागते, आणि घाईचा माणूस तिथे उपयोगाचा नाही.

क्लोरीन टाकलं की लोक नाकं मुरडतात. न टाकता चालणार नाही का?

पेटीत बंद केलेल्या झऱ्याचं पाणी थेट नळाला येत असेल आणि तपासण्या सतत चांगल्या येत असतील, तर वाद घालता येईल. बाकी ठिकाणी टाकाच. टाकीतून निघालेलं पाणी नळीत, नळावर, हंड्यात कुठेही पुन्हा नासू शकतं. त्यावर पुढे लक्ष ठेवणारं क्लोरीन हे एकच.

मापात टाकलं तर वास फार येत नाही. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. १०,००० लिटरच्या टाकीत लिटरमागे २ मिलिग्रॅम हवं असेल तर २० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ६० ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ तेवढं टाकीत ओतायचं आणि अर्धा तास नळ सोडायचा नाही. पोतं उघडं राहिलं की पावडरीचा जोर उतरतो. म्हणून ६० ग्रॅम हा सुरुवातीचा अंदाज; खरा निकाल शेवटच्या घराच्या नळावर. ओटी टेस्ट करा: नळाच्या पाण्यात तिच्या औषधाचे थेंब टाकले की उरलेल्या क्लोरीनमुळे पिवळा रंग येतो. अर्ध्या तासानंतर टाकीत लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आणि शेवटच्या नळाला किमान ०.२ उरलेलं दिसायला हवं. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतं, म्हणून आधी तुरटी किंवा गाळणी.

ही टेस्ट शाळेतल्या मुलींकडे सोपवून बघा. पिवळा रंग आला नाही तर त्या कुणाची भीड ठेवत नाहीत.

'लोकसहभाग' म्हणजे नेमकं काय? श्रमदान ना?

श्रमदान हा त्यातला सोपा भाग. चर खणायला गाव एक दिवस नक्की येतं, फोटोही चांगले निघतात. अवघड आहे ते ठरवण्यातला सहभाग: नळ कुठे, टाकी कुठे, पट्टी किती, आणि न भरणाऱ्याचं काय करायचं. हे ठरवताना गाव हजर नसेल तर खणलेला चर हा बिनपगारी मजुरीचा नमुना ठरतो.

मलावीत १९६८ मध्ये चांबे इथे डोंगरातून उताराने पाणी आणायची योजना सुरू झाली. सरकारने नळ्या आणि तांत्रिक माणसं दिली, गावांनी चर खणले आणि नळ्या पुरल्या. इथवर नवं काही नाही. पण मुख्य नळीसाठी, फाट्यांसाठी आणि एकेका नळासाठी अशा वेगवेगळ्या समित्या होत्या, आणि आपल्या नळाभोवतीची फरशी, निचरा, साफसफाई त्या नळाच्या समितीकडे. म्हणजे तुटलेल्या नळाला मालक होता. ही पद्धत मग देशभर पसरली. पुढे नळ्या जुन्या झाल्या, लोकसंख्या वाढली, वरच्या रानात झाडं तुटली, तेव्हा तिथल्याही बऱ्याच योजना अडचणीत आल्या. मोठी दुरुस्ती नुसत्या गावाच्या अंगबळावर होत नाही, हाही धडा त्याच डोंगरातला.

म्हणून सहकार्याचा करार करताना तीन रकाने आखा: गाव काय करणार, सरकार किंवा संस्था काय करणार, तांत्रिक माणूस काय करणार. आणि प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक वार. 'समिती टाकी धुईल' असं लिहू नका. समिती टाकी धूत नाही.

समितीत कोण असावं?

ज्यांचे हात पाण्याला लागतात ते. शेवटच्या नळावरचं एक घर हवंच, कारण पाणी कमी झालं की सर्वांत आधी त्यालाच कळतं. बायका निम्म्या तरी असाव्यात आणि त्यांतल्या एकीकडे हिशेब किंवा किल्ली असावी. नुसत्या सहीपुरत्या नकोत. १९९२ च्या डब्लिन परिषदेने पाण्याच्या व्यवस्थापनात बायकांची भूमिका केंद्रस्थानी असल्याचं तत्त्व म्हणून मांडलं, पण ते कळायला विहिरीवर तासभर उभं राहिलं तरी पुरतं. बैठकीची वेळ पाणी भरण्याच्या आणि स्वयंपाकाच्या वेळेत ठेवायची नाही. हे छोटं वाटतं. बायका बैठकीला का येत नाहीत याचं अर्धं उत्तर तिथेच असतं.

पाणी हा हक्क आहे. मग पाणीपट्टी कशाला?

हक्क आहेच. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी तसा ठराव केला. हक्काचा अर्थ कुणालाही पाणी नाकारता येणार नाही आणि ते परवडायला हवं, असा आहे. वॉशर फुकट मिळेल असा नाही.

पट्टी ठरवताना वर्षाचा खर्च आधी मांडा: वीज, टीसीएल, पंप चालवणाऱ्याचा मेहनताना, तपासणी, छोटी दुरुस्ती. मग ज्या गोष्टी पाच-दहा वर्षांनी बदलाव्याच लागतील, म्हणजे मोटार, व्हॉल्व्ह, हापशाच्या सळया, त्यांची किंमत वर्षांत वाटून त्यात मिळवा. हा दुसरा आकडा जवळपास सगळे गाळतात. मग मोटार जळते, वर्गणी फिरते, तीन आठवडे जातात, आणि तोवर लोक ओढ्याचं पाणी पिऊन मोकळे होतात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या २० आफ्रिकी देशांची आकडेवारी २००९ मध्ये एकत्र मांडली गेली, तेव्हा सरासरी ३६ टक्के हापसे बंद असल्याचं दिसलं. हापसा वाईट होता असं नव्हे, बऱ्याच ठिकाणी तो दुरुस्त करणारा आणि त्याचा सुटा भाग गावापर्यंत पोचत नव्हता.

ज्यांना पट्टी झेपत नाही त्यांचं काय?

सूट द्यावी, आणि ती गुपचूप न देता नियम म्हणून द्यावी. नावं बैठकीत ठरवा, वसुलीच्या वेळी दारात नको. सूट दिलेल्या घरांचा वाटा इतरांच्या पट्टीत आधीच धरलेला असावा. घरटी पट्टीऐवजी वापरानुसार घेतली तर बागेला पाणी देणाऱ्याला ती लागते आणि दोन हंडे नेणाऱ्या आजीला लागत नाही, पण मग मीटर आले, मीटर वाचणारा आला. लहान गावात मला घरटी पट्टीच बरी वाटते.

गावात दोन तट आहेत. एकत्र बसतच नाहीत.

पाण्यासाठी मनं जुळायची वाट बघू नका. भांडण राहू द्या, नियम करा.

सामाईक संपत्ती लोक स्वतः कशी सांभाळतात याच्या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सामाईक व्यवस्था टिकलेल्या ठिकाणी त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. वापरणारे कोण हे स्पष्ट असतं. नियम वापरणारेच करतात. लक्ष ठेवणारा त्यांच्यातलाच असतो किंवा त्यांना उत्तरदायी असतो. शिक्षा पायरीपायरीने वाढते, आणि तंटा सोडवायला जवळची, स्वस्त जागा असते. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात कालव्याच्या पाण्याचे तंटे आजही शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच दर गुरुवारी चर्चच्या दारात, तोंडी, सगळ्यांदेखत मिटवतात. ते शेतीचं पाणी आहे, पिण्याचं नाही, पण 'दर गुरुवारी' हा भाग उचलण्यासारखा आहे. तंट्याला वार ठरलेला असला की तो मधल्या दिवसांत कमी पेटतो.

मुख्य नळीला मोटार जोडून पाणी ओढणारा प्रत्येक गावात एक तरी असतोच, आणि बहुधा तो वजनदार असतो. पहिल्या वेळी समज, दुसऱ्यांदा दंड, तिसऱ्यांदा जोडणी बंद, हे योजना सुरू व्हायच्या आधी, कुणाचंही नाव नसताना लिहून ठेवा. नंतर लिहिलंत तर तो नियम राहत नाही, सूड ठरतो.

झरा शेजारच्या गावाच्या हद्दीत आहे. तोंडी 'हो' म्हणालेत.

तोंडी 'हो' दुष्काळात टिकत नाही. किती पाणी, कोणत्या महिन्यांत, कमी पडलं तर आधी कुणाला, नळी ज्यांच्या शेतातून जाते त्यांना काय, आणि हद्दीत शिरून दुरुस्ती करायची मुभा: हे लिहून, दोन्ही गावांच्या बैठकीत वाचून घ्या. सर्वांत चांगला करार म्हणजे वाटेत त्या गावालाही एक नळ देणं. ज्यांना त्याच नळीतून पाणी मिळतं ते नळी फोडत नाहीत.

एक देणगीदार शुद्धीकरण यंत्र बसवून द्यायला तयार आहेत. घ्यावं का?

आधी त्यांना पाण्याचा अहवाल दाखवा. पाण्यात फक्त जंतू असतील तर आरओची, म्हणजे दाबाने बारीक पडद्यातून पाणी गाळणाऱ्या यंत्राची, गरज नाही. ते वीज खातं आणि आलेल्या पाण्यातला बराच वाटा खारट सांडपाणी म्हणून टाकून देतं. क्षार किंवा फ्लोराइड जास्त असेल तर विचार करा. पण फ्लोराइडसाठी तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धतही आहे, नागपूरच्या नीरी संस्थेत विकसित झालेली. तिच्यात रोजची मेहनत आणि गाळाची विल्हेवाट आहे, सुटे भाग जवळपास नाहीत.

मग विचारा: मेम्ब्रेन, म्हणजे आरओतला तो पडदा, बदलायचा झाला तर कुठून येणार, किती दिवसांत, कुणाच्या पैशाने? उत्तर 'बघू' असेल तर नम्रपणे नको म्हणा. देणगी नाकारणं अवघड असतं, हे खरं. गंजलेलं यंत्र हलवणं त्याहून अवघड.

चिलीतल्या चुंगुंगो गावाची गोष्ट यासाठी लक्षात ठेवावी. पाऊस जवळजवळ नाही, पण डोंगरावर धुकं. धुकं अडवणाऱ्या जाळ्या उभारून १९९२ पासून गावाला रोज सरासरी सुमारे १५,००० लिटर पाणी मिळू लागलं. जगभर कौतुक झालं. दहाएक वर्षांत जाळ्या फाटत, पडत गेल्या आणि सगळं थांबलं. कल्पना चुकीची नव्हती, पाणी येतही होतं. वाऱ्याने फाटलेली जाळी शिवायचं काम मात्र कुणाचंच होऊन राहिलं नाही.

दुरुस्ती गावानेच करायची की बाहेरच्यांनी?

दोघांनी, पण काम वाटून. वॉशर, नळाची तोटी, छोटी गळती: गावातली दोन माणसं. दोन, कारण एक नेहमी लग्नाला गेलेला असतो. मोटार, बोअर, मुख्य नळी: बाहेरचा जाणकार, ज्याच्याशी वर्षाचा करार आहे.

हापशांची जात निवडतानाही हाच विचार होता. १९७० च्या दशकात भारतात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू तयार झाला, तो सोलापूरकडे चालणाऱ्या मजबूत पंपाच्या धर्तीवर. तो टिकाऊ खरा, पण खालचा भाग काढायला सगळी नळी उपसावी लागे. म्हणून पुढे मार्क थ्री आला, ज्यात आतले भाग नळी न काढता वर घेता येतात. खोली, वजन आणि गावात कोण आहे हे बघून ठरवा. आणि आसपासच्या दहा गावांत जो पंप आहे तोच घ्या. सुटा भाग शेजारच्या गावात मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

होंडुरासमध्ये फिरता तंत्रज्ञ ठरलेल्या गावांना नेमाने भेट देतो, क्लोरीन तपासतो, हिशेबाची वही चाळतो. केनियातल्या क्युसो भागात हापशाच्या दांड्यात मोबाइल जोडणीचं छोटं यंत्र बसवलं. दांडा हलायचा थांबला की दुरुस्ती करणाऱ्याला कळायचं. बंद हापसा सुरू व्हायला आधी सरासरी २७ दिवस लागत, ते तीन दिवसांच्या आत आले. यंत्राचं कौतुक आहेच, पण त्या निरोपावर निघणारा माणूस आधी ठरलेला होता. एकट्या गावाला असा माणूस परवडत नाही, दहा-पंधरा गावांना मिळून परवडतो. गावागावांचं सहकार्य खरं इथे उपयोगी पडतं, उद्घाटनाच्या मंडपात नाही.

नळ आला, तरी पोटाचे आजार थांबले नाहीत. असं का?

तीन जागा बघा. पहिली, नळी. पाणी दिवसातून तासभरच सोडत असाल तर बाकीच्या वेळी रिकाम्या नळीत दाब नसतो आणि गटाराशेजारच्या गळतीतून घाण आत ओढली जाते. सुरुवातीचं पाणी लाल-गढूळ येतं ते यामुळेही. दुसरी, टाकी: झाकण उघडं, आत पालापाचोळा, कधी मेलेला पक्षी. तिसरी, घरातलं भांडं. रुंद तोंडाच्या भांड्यात हाताचा पेला बुडवला की स्वच्छ पाणीही नासतं. तोटीचं किंवा अरुंद तोंडाचं, झाकणाचं भांडं आणि लांब दांड्याचं ओगराळं, एवढ्याने फरक पडतो. शौचालय आणि साबणाने हात धुणं यांच्याशिवाय एकट्या नळाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

या सगळ्याला किती वेळ लागतो?

नळ्या टाकायला काही महिने. माणसं बसवायला त्याच्या दुप्पट, आणि ते आधी. एक पूर्ण उन्हाळा बघितल्याशिवाय स्रोताबद्दल शब्द देऊ नका.

टाकीच्या खोलीची किल्ली कुणाकडे ठेवावी?

हा प्रश्न शेवटी येतो आणि भांडण याच्यावरूनच होतं. किल्ल्या दोन: एक पाणी सोडणाऱ्याकडे, एक समितीतल्या अशा बाईकडे जिचं घर टाकीजवळ आहे. दारावर पत्र्याचा फलक लावा. त्यावर दोघांची नावं, पाणी सोडायची वेळ, टाकी गेल्या वेळी धुतल्याची तारीख आणि पुढची तारीख. तारखा खडूने लिहायच्या, म्हणजे बदलता येतात. नावं रंगाने.